वाळू कोणाची? येरळा नदी, बळीराजा स्मृती धरण आणि पाणलोटाचा प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण सामायिक मालमत्तेबद्दल बोललो. गायरान, देवराई, गावतळं ही उदाहरणं घेतली. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली : ‘सर, तुम्ही तत्त्वं सांगितलीत, इतिहास सांगितला नाहीत. आपल्याकडे लोकांनी खाणकामापासून एखादी नदी खरोखर वाचवली आहे का?’ प्रश्न रास्त आहे. आजचं सगळं व्याख्यान त्या चिठ्ठीचं उत्तर आहे असं समजा.

सुरुवात मात्र माझ्या घरापासून करतो. १९९१ मध्ये मी याच शहरात घर बांधलं. दोन खोल्या आणि गच्ची. बांधकामाला वाळू लागणार होती. वाळू टाकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, ‘साहेब, पैठणची आहे, गोदावरीची. माती सापडणार नाही.’ मी मूठभर हातात घेऊन पाहिली. खरंच स्वच्छ होती. पैसे दिले आणि विषय संपला. त्या वर्षी मी वर्गात न्यायाची संकल्पना शिकवत होतो. कोणाचं काय, कोणाला किती, कोणत्या आधारावर, हे सगळं. पण अंगणातला ढीग कोणाचा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

पुढे काही वर्षांनी गोदाकाठच्या एका गावचा विद्यार्थी माझ्याकडे आला. त्यांच्या मळ्यातली विहीर आजोबांच्या काळापासून कधी आटली नव्हती, ती आता फेब्रुवारीतच तळ दाखवू लागली होती. मी म्हणालो, पाऊस कमी झाला असेल. तो म्हणाला, ‘नाही सर, पाऊस तेवढाच आहे. वाळू गेली.’ मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि घरी जाऊन गच्चीवर उभं राहिल्यावर नीट समजलं.

आता बघा, वाळू आणि विहीर यांचा संबंध काय? हे आधी स्पष्ट करू, कारण पुढचा सगळा इतिहास यावर उभा आहे.

आपल्याकडे वाळू ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते. ती साधारण एक तृतीयांशाच्या आसपास धरा. म्हणजे एका ब्रासच्या पोटात तीस घनफूट तरी जागा रिकामी असते. एका घनफुटात अठ्ठावीस लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. तीस गुणिले अठ्ठावीस केलं की आठशे लिटरच्या वर पाणी होतं. ते सगळंच मोकळं होत नाही, काही कणांना चिकटून राहतं. पण बरंचसं सावकाश झिरपतं आणि काठच्या विहिरींना जातं. वर ऊन असलं तरी आतलं पाणी उघड्या तळ्यासारखं उडून जात नाही. आणि हे एकदाच घडत नाही. नदीला जितक्या वेळा पाणी येईल, तितक्या वेळा ही टाकी भरते. ट्रकमध्ये दोन-तीन ब्रास वाळू जाते, तेव्हा दोन-अडीच हजार लिटरची टाकी कायमची उचलून नेलेली असते. पावसाळ्यात पूर आला की थोडी वाळू परत येते, हे खरं. पण ती नदीच्या वेगाने येते. जाते ती ट्रकच्या वेगाने.

दुसरं असं, की पात्र खोल झालं की काठच्या विहिरींचं पाणी उलट नदीकडे उतरू लागतं. शेतकऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. त्याला ते दोराच्या लांबीवरून कळतं.

आता आपल्या मुख्य कथेकडे येऊ. त्यासाठी मराठवाड्यातून थोडं बाहेर जावं लागेल, सांगली जिल्ह्यात. सांगली म्हटलं की आपल्याला कृष्णा, ऊस, हळद आणि साखर कारखाने आठवतात. पण त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे खानापूर, आटपाडी, जत हा कोरडा पट्टा आहे. आपल्या बीड-धाराशिवच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. येरळा नदी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात उगम पावते, खानापूरच्या मुलखातून खाली येते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णेसारखी बारमाही नाही. पावसाळ्यात वाहते, एरवी वाळूचा पट्टा दिसतो. पण त्या वाळूखाली पाणी असायचं. लोक झरा खणून पाणी प्यायचे.

या भागातून कित्येक पिढ्या माणसं मुंबईला गेली. गिरणीत लागली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबला, आणि कामगार गावी परतले. संपावरचं लेखन आपण बरंच वाचलं आहे, पण ते बहुतेक मुंबईपुरतं असतं. गावी परतलेल्या माणसाचं पुढे काय झालं? खानापूर तालुक्यात झालं ते असं. परतलेले कामगार, गावातली शेतकरी पोरं आणि डॉ. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. संपासाठी धान्य आणि पाठिंबा गोळा करता करता त्यांना गावचं वास्तव दिसलं. गावात दुष्काळ होता.

दुष्काळात काय करायचं, याचं आपल्या राज्याचं एक ठरलेलं उत्तर होतं, रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळातून ती योजना वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ती योजना मोठीच होती, तिने माणसं जगवली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कामं कोणती? खडी फोडा, रस्ता करा. पुढच्या वर्षी परत दुष्काळ, परत खडी. मुक्ती संघर्षच्या लोकांनी इथे एक साधा प्रश्न विचारला. आम्ही घाम गाळतोच आहोत, तर तो दुष्काळ हटवणाऱ्या कामावर का गाळू नये? खडी फोडण्याऐवजी माती अडवू, पाणी अडवू.

आणि त्यातून दुसरा प्रश्न आला. दुष्काळ मुळात येतो कशाने? आभाळातून कमी पडतं म्हणून, की पडलेलं धरून ठेवण्याची जमिनीची ताकद गेली म्हणून? गावोगाव चर्चा झाल्या, विज्ञान चळवळीतले लोक आले, पावसाची, पिकांची, विहिरींची माहिती गोळा झाली. अशिक्षित मानल्या गेलेल्या बाया-माणसांनी आपल्या गावच्या पाण्याचा हिशोब मांडायला सुरुवात केली. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. दुष्काळ ही दैवी आपत्ती आहे असं मानलं की तुम्ही मदत मागता. दुष्काळ माणसाच्या निर्णयांतून घडतो असं कळलं की तुम्ही जाब विचारता. ‘कारण’ या कल्पनेत एवढं बळ असतं.

हिशोब मांडताना बोट ज्या गोष्टींवर पडलं, त्यातली एक होती वाळू. येरळेच्या पात्रातून ठेकेदार ट्रकच्या ट्रक वाळू नेत होते. लिलाव सरकारचा, पैसा ठेकेदाराचा, आणि आटलेली विहीर गावाची.

बलवडी आणि तांदुळवाडी या नदीकाठच्या दोन गावांनी इथे पाऊल उचललं. बलवडीचे संपतराव पवार या कामातलं एक प्रमुख नाव. गावांनी वाळूउपशाला विरोध केला. आता विरोधापर्यंत गोष्ट थांबली असती, तर ती इतर शंभर गोष्टींसारखी झाली असती. पण त्यांनी पुढे एक प्रस्ताव मांडला. तो असा, की ठेकेदाराला वाळू देऊ नका. त्यातली थोडी वाळू आम्हाला विकू द्या. त्या पैशातून आम्ही नदीवर छोटं धरण बांधतो. सरकारने पैसा देऊ नये, फक्त आडवं येऊ नये.

हे ऐकायला सोपं आहे. पण सरकारी कचेरीत हा प्रस्ताव गेल्यावर काय झालं असेल याची कल्पना करा. वाळू महसूल खात्याची, नदी पाटबंधारे खात्याची, आणि गावाने स्वतः धरण बांधायचं याला कोणत्याच खात्यात रकाना नाही. परवानगीसाठी लोकांना दीर्घ काळ झगडावं लागलं. मोर्चे, धरणं, पत्रव्यवहार, सगळं झालं. (श्रोत्यांमधून हशा) होय, धरणासाठी धरणं धरावं लागलं!

अखेर परवानगी मिळाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम झालं. गावाने श्रमदान केलं, बाहेरून विद्यार्थी आले, शहरातल्या सहानुभूतीदारांनी पैशाची मदत केली. के. आर. दाते यांच्यासारख्या जाणत्या अभियंत्याने तांत्रिक बाजूकडे लक्ष दिलं. साधारण नऊशे एकर जमिनीला पाणी देता येईल, असा तो हिशोब होता. धरणाचं नाव ठेवलं बळीराजा स्मृती धरण.

आता इतिहास इथे थोडा थांबवतो आणि दोन प्रश्न विचारतो. एक, ही वाळू कायद्याने कोणाची होती? दोन, गावाने वाळू विकली, मग ठेकेदारात आणि गावात फरक काय राहिला?

पहिला प्रश्न. कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, त्यांचं पात्र ही राज्याची मालमत्ता. कलम ४८ गौण खनिजांबद्दल आहे, विनापरवाना उत्खननावर दंडाची तरतूद त्यातच आहे. आणि वाळू ‘गौण खनिज’ कशी झाली? १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याने. त्या कायद्यात इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू यांना एका पंक्तीत बसवलं आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला.

माझी अडचण त्या ‘गौण’ शब्दाबद्दल नाही. ती ‘खनिज’ या शब्दाबद्दल आहे. खनिज म्हणजे खणून काढायची वस्तू. एकदा एखाद्या गोष्टीला हे नाव दिलं, की ती कशासाठी आहे याचं उत्तर नावातच येऊन बसतं. ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात एक उदाहरण दिलं आहे. शरीरापासून तोडलेला हात नावापुरता हात असतो, कारण हाताचं काम तो आता करू शकत नाही. पात्रातली वाळू पाणी धरते, गाळते, मुरवते, पुराचा वेग सोसते. ट्रकमधली वाळू यातलं काही करत नाही. दोन्हीला आपण वाळूच म्हणतो. महसूल खात्याच्या वहीत ट्रकमधल्या वाळूची किंमत आहे. पात्रातल्या वाळूची किंमत त्या वहीत शून्य आहे. बलवडीच्या लोकांनी ॲरिस्टॉटल वाचला नव्हता, आणि वाचायची गरजही नव्हती. त्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं, की तुमच्या वहीत शून्य लिहिलेली वस्तू आमच्या विहिरीत पाणी म्हणून जमा होते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि मी तो टाळणार नाही. १९८० च्या दशकात माझ्यासारखे काही प्राध्यापक या कामाकडे जरा वरूनच पाहायचे. मी स्वतः म्हटलेलं मला आठवतं, ‘वाळूउपशाला विरोध करायचा आणि स्वतः वाळू विकायची, ही विसंगती आहे.’ तर्काच्या दृष्टीने माझं वाक्य बिनचूक वाटत होतं. आज मला ते चुकीचं वाटतं. का, ते सांगतो.

ठेकेदार आणि गाव यांच्यात तीन फरक होते. पहिला मर्यादेचा. ठेकेदाराची मर्यादा म्हणजे बाजाराची मागणी, तिला तळ नसतो. गावाची मर्यादा म्हणजे धरणाचा खर्च. तो भागला की विक्री थांबते. दुसरा फरक परिणामाचा. ठेकेदाराच्या वाळूने पाण्याची टाकी लहान होते. गावाने थोडी वाळू देऊन त्याच नदीत पाणी साठवण्याची जागा तयार केली. तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ठेकेदार नफा नेतो, तोटा गावात राहतो. गावाने विकली तर नफा-तोटा दोन्ही एकाच घरात येतात. ज्याची विहीर आटणार आहे तोच किती वाळू काढायची ते ठरवतो. जॉन लॉक मालमत्तेचा हक्क मांडताना एक अट घालतो, की एकाने घेतल्यामुळे बाकीच्यांच्या वाट्याला कमी येता कामा नये. ही अट कोण तपासणार? लांबचा अधिकारी की काठावरचा माणूस? बलवडी-तांदुळवाडीचं उत्तर होतं, काठावरचा माणूस.

एक शंका मात्र माझ्या मनात अजून आहे, ती तुमच्यासमोर ठेवतो. नदी दोन गावांपुरती नसते. वरच्या गावाने पाणी अडवलं तर खालच्या गावाचं काय? छोट्या बंधाऱ्याने फार फरक पडत नाही असं म्हणता येईल. पण प्रत्येक गावाने बांधला तर? म्हणून ‘गावाचा हक्क’ हे शेवटचं उत्तर नाही. पाणलोटाचा हक्क हे कदाचित असेल. त्यासाठी गावांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि खरी कसोटी तिथे लागते.

आता पाण्याच्या वाटपाकडे वळू. धरण बांधणं सोपं, वाटणी अवघड. आपल्याकडची रूढ पद्धत अशी, की ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, आणि ज्याला जमीन नाही त्याला पाणीच नाही. बलवडी-तांदुळवाडीने ठरवलं की पाण्याचा वाटा कुटुंबाला, जमिनीला नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला मोकळं रान द्यायचं नाही, कारण एका एकर उसात अनेक एकर ज्वारी-बाजरीचं पाणी जातं.

ही कल्पना त्यांनी हवेतून आणली नव्हती. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला होता. तिथेही पाणी माणशी, भूमिहीनांना वाटा, आणि ऊस नाही. खानापूरच्या लोकांनी ते तत्त्व एका चळवळीच्या अंगाने पुढे नेलं. नदी वाचवली एवढ्याने न्याय होत नाही. वाचवलेल्या नदीचं पाणी फक्त बागायतदाराच्या उसाला गेलं, तर ज्या मजूर बाईने दगड उचलले तिच्या हाती काय आलं? पर्यावरण आणि समता या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या विभागांत शिकवतो. येरळेकाठी त्या एकाच ठरावात होत्या.

आता नाव. बळीराजा. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीची कथा उलटी वाचली. वामनाने तीन पावलांत बळीचं राज्य घेतलं, त्या कथेत फुले लुटल्या गेलेल्याच्या बाजूने उभे राहतात. आणि आपल्या बाया दिवाळीत ओवाळताना अजून म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ चं ते पुस्तक, पाण्याचा विचार सविस्तर आहे. सरकारने पलटणीतल्या आणि पोलीस खात्यातल्या जादा लोकांना कामाला लावून जागोजाग लहान बंधारे घालावेत, पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं आणि मग नदी-नाल्याला मिळावं, असं ते सुचवतात. आज आपण ज्याला पाणलोट विकास म्हणतो, तो या वाक्यात आहे. म्हणजे त्या धरणाचं नाव नुसतं भावनेचं नव्हतं. त्यात शंभर वर्षांचा विचार होता.

हे सगळं नीट नोंदवून ठेवण्याचं श्रेय गेल ऑम्व्हेट यांना द्यावं लागेल. अमेरिकेत जन्मलेल्या, कासेगावला सून म्हणून आलेल्या आणि २०२१ मध्ये तिथेच गेलेल्या या विदुषीने चळवळीत राहून तिच्याबद्दल लिहिलं.

पुढे काय झालं? १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी त्यांत अग्रभागी होते. कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांना समन्यायी पाणी, ही मागणी मोठी झाली. दोन गावांच्या धरणातून आलेलं तत्त्व खोऱ्याच्या पातळीवर गेलं. हे यश आहे. पण अपयशही सांगितलं पाहिजे. समान पाणीवाटप राज्याचं सर्वसाधारण धोरण झालं नाही. जिथे पाणी पोचलं तिथे ऊस मागोमाग गेला. आणि येरळेच्या पात्रातून नंतरही चोरून वाळू जात राहिली. एका विजयाने नदी कायमची सुरक्षित होत नाही.

आता थोडी तुलना करू. खाणकामाविरुद्ध लढण्याचा दुसरा रस्ता न्यायालयाचा आहे. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींविरुद्ध गावकरी लढले आणि गोवा फाउंडेशनसारख्या संस्थेने कोर्टाची लढाई केली. साळावली धरण दक्षिण गोव्याला पाणी पाजतं, त्याच्या पाणलोटातही खाणी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला निकाल दिला की तिथल्या खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती. नंतर ७ फेब्रुवारी २०१८ ला नव्याने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे रद्द केले. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणेच्या लोकांनी खाणीला विरोध केला, तरी खाण झाली. २९ जुलै २०२१ ला त्या खाणीत साठलेल्या पाण्याने बांध फोडला आणि चिखलाचा लोंढा गावात, शेता-बागायतीत शिरला. लोक आधीपासून जे सांगत होते, ते त्यांच्या अंगणात आलं.

वाळूच्या बाबतीत, २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमला वाळूउपशाला हरकत घेतल्यावर सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला. पुढे त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल. राज्याच्या वाळू धोरणात ग्रामसभेच्या शिफारशीचा मुद्दाही आला. हे सगळं मोलाचं आहे. पण न्यायालय ‘थांबवा’ म्हणू शकतं, ‘मग काय करायचं’ हे ठरवून देत नाही. ते गावालाच ठरवावं लागतं, आणि बलवडीने ते ठरवलं म्हणून मी आज तिची निवड केली.

शेवटी आपल्या शहराकडे येतो. हे शहर पाण्याच्या शोधातून वसलं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, आणि काही वर्षांतच नहर-ए-अंबरी बांधली. मी नव्या पिढीला नेहमी सांगतो, पाणचक्कीला जाल तेव्हा फोटो काढा, पण एक प्रश्नही विचारा की हे पाणी येतं कुठून? नहरी म्हणजे उघडे कालवे नव्हेत. उत्तरेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भूमिगत नळांतून उताराने शहरात आणायची ती व्यवस्था आहे. पंप नाही, वीज नाही. म्हणजे टेकडी ही त्या नहरीची टाकी झाली. आज शहराभोवतीच्या डोंगरांतून मुरूम आणि दगड जातो, तेव्हा आपण त्याला ‘माती काढली’ म्हणतो. आपण टाकी फोडतो आहोत. शहराच्या एका बाजूला सुखना, दुसऱ्या बाजूला खाम, आणि आपण मात्र पाण्यासाठी पैठणच्या नाथसागराकडे हात पसरून बसलो आहोत.

मी शहाणपण शिकवायला उभा नाही. माझ्या भिंतीत गोदावरी आहे, हे मी सुरुवातीलाच कबूल केलं. सत्तरी ओलांडल्यावर घर पाडून वाळू परत नदीत टाकता येत नाही. पण तो ढीग कोणाचा होता, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नव्हता, तो आता जाहीरपणे विचारू शकतो. तुमच्यातल्या ज्यांची घरं अजून बांधायची आहेत त्यांनी वाळू घेताना, दगडाच्या चुऱ्यापासून केलेली वाळू चालेल का हे अभियंत्याला विचारावं. आणि ज्यांची गावं नदीकाठी आहेत त्यांनी पुढच्या ग्रामसभेला जाऊन वाळूचा विषय पत्रिकेवर आहे का ते पाहावं. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, बलवडीला जमलं कारण तिथे चळवळ होती, नेते होते. आमच्या गावात वाळूवाले गावचेच आहेत. सरपंचाचे नातेवाईक आहेत. विरोध कोण करणार?

उत्तर : तुमचा प्रश्न खरा आहे. मी इथून खुर्चीवर बसून ‘धैर्य दाखवा’ म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणणार नाही. वाळूच्या धंद्यात माणसांवर हल्ले होतात, हे आपण सगळे पेपरात वाचतो. एकट्याने ट्रकसमोर उभं राहू नका. बलवडीची सुरुवात ट्रक अडवण्यापासून झाली नव्हती, दुष्काळाचा हिशोब मांडण्यापासून झाली. तुमच्या गावात किती विहिरी, कोणत्या महिन्यात आटतात, दहा वर्षांपूर्वी कधी आटायच्या, एवढं एका वहीत लिहा. शाळेतल्या पोरांना बरोबर घ्या. त्या वहीवर कोणी चिडणार नाही. आणि वाळूवाल्याच्या घरचीही विहीर तीत येईल, हे लक्षात ठेवा. त्याची बायकोही पाण्यासाठी लांब जाते.

प्रश्न : तुम्ही म्हणालात की लहान धरणाने खालच्या गावावर परिणाम होऊ शकतो. मग गावाने धरण बांधावं की नाही?

उत्तर : बांधावं, पण खालच्या गावाला विचारून. बलवडी आणि तांदुळवाडी ही दोन गावं एकत्र आली, ही त्या प्रयोगातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. आपल्याकडे शेजारच्या दोन गावांचं स्मशानाच्या रस्त्यावरून पटत नाही, त्यांचं पाण्यावरून पटलं. पुढच्या वेळी आपण इथूनच सुरुवात करू. दोन गावांमध्ये, किंवा दोन जिल्ह्यांमध्ये, पाण्याचा न्याय कसा ठरवायचा? नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातला जायकवाडीचा वाद त्यासाठी घेऊ. त्या दिवशी चिठ्ठ्या जरा जास्तच येतील, असं वाटतं.